प्रतिस्पर्धी आणि खलनायक : पोकेमॉन खेळमालिकेतील विरोधी पात्रांचा तुलनात्मक विचार

सारांश

१९९६ साली जपानमध्ये सुरू झालेली पोकेमॉन ही व्हिडिओ गेमची मालिका आज महाविद्यालयात शिकणाऱ्या पिढीच्या बालपणाचा भाग आहे. या मालिकेत नायकाच्या विरोधात दोन प्रकारची पात्रे उभी राहतात : एक प्रतिस्पर्धी आणि दुसरा खलनायक. प्रस्तुत लेखात १९९६ ते २०२३ या काळातील प्रमुख खेळांच्या आधारे या दोन पात्रप्रकारांची तुलना केली आहे. प्रतिस्पर्धी व खलनायक यांच्यातील भेद त्यांच्या महत्त्वाकांक्षेत नसून सोबत्याला दिलेल्या वागणुकीत आणि पराभवाच्या स्वीकारात आहे, तसेच मालिका पुढे सरकते तसतशी दोषाची जागा दुष्ट व्यक्तीकडून तरुणाभोवतीच्या वडीलधाऱ्यांकडे सरकत जाते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रतिस्पर्धी, प्रतिनायक, खलनायक, पोकेमॉन, स्पर्धा, पराभव

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडील मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी बहुधा ‘वेळेचा अपव्यय’ या सदरात टाकून दिलेला आहे. परंतु कथा, पात्र, संघर्ष आणि मूल्य ही जी साहित्याची अंगे आपण वर्गात शिकवितो, ती सर्व या माध्यमात आढळतात. इतकेच नव्हे, तर आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांनी हारजितीचे पहिले धडे पाठ्यपुस्तकाबरोबरच अशा खेळांतून व त्यांवर बेतलेल्या मालिकांतून घेतलेले असतात. म्हणून ते धडे नेमके काय आहेत, हे शिक्षकाने जाणून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

पोकेमॉनची भारतातील ओळख मुख्यतः दूरचित्रवाणीमुळे झाली. २००३ पासून कार्टून नेटवर्क या वाहिनीवर तिची सचेतपट मालिका दाखविली जाऊ लागली. मूळ खेळ ज्या उपकरणांवर चालतो ती उपकरणे मध्यमवर्गीय घरांत क्वचितच होती. मोबाइलवरील ‘पोकेमॉन गो’ हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाला आणि २०२३ मध्ये तो हिंदीतही आला. परिणामी आपल्याकडे ‘टीम रॉकेट’ म्हटले की जेसी, जेम्स आणि बोलका मियाउथ हे हास्यास्पद त्रिकूट आठवते. मूळ खेळातील टीम रॉकेट मात्र हास्यास्पद नाही; तेथे तिच्या हातून एका पिलाची आई मारली जाते. प्रस्तुत विवेचन मूळ खेळांपुरते मर्यादित असून पात्रांची नावे इंग्रजी आवृत्तीप्रमाणे घेतली आहेत.

२. संज्ञांचा विचार

मराठी समीक्षेत नायकाच्या विरोधातील पात्रास सरसकट ‘खलनायक’ म्हणण्याची प्रथा आहे. संस्कृत नाट्यशास्त्राची संज्ञा ‘प्रतिनायक’ अशी आहे. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात प्रतिनायकाचे वर्णन लोभी, उद्धत, हटवादी, पापकर्मी व व्यसनी असे केले आहे. या व्याख्येत केवळ स्पर्धा करणाऱ्या, पण दुष्ट नसलेल्या विरोधकाला जागा नाही.

ही जागा निर्माण करण्याचा एक प्रयत्न आपल्या विदर्भाच्या भूमीशी निगडित आहे. आठव्या शतकातील नाटककार भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे गाव असे मत मांडले. भवभूतीच्या ‘महावीरचरित’ या नाटकात रावणाचा अमात्य माल्यवान हा पडद्यामागून सूत्रे हलवितो. परशुराम आणि वाली हे दोघे रामाशी लढतात. परंतु त्यांना लढावयास प्रवृत्त करणारा माल्यवान असतो. येथे लढणारा आणि लढविणारा असे दोन वेगळे विरोधक दिसतात. पहिला पराभवानंतर नायकाचा मोठेपणा मान्य करतो. दुसरा नवे कारस्थान रचतो. पोकेमॉन मालिकेशी भवभूतीचा अर्थातच काहीही संबंध नाही. तथापि तिच्यातील पात्रांची उकल करण्यास हा भेद अत्यंत उपयुक्त आहे. पुढील विवेचनात पहिल्यास ‘प्रतिस्पर्धी’ व दुसऱ्यास ‘खलनायक’ म्हटले आहे.

३. खेळाची रचना

सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करण्याचा छंद होता. वाढत्या शहरीकरणात ही मोकळी जागा नाहीशी झाली. तो आनंद नव्या पिढीला देता यावा या कल्पनेतून पोकेमॉनचा जन्म झाला. ‘रेड’ व ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १५१ प्राणी होते. दोन्ही आवृत्त्यांत काही प्राणी वेगवेगळे ठेवले होते. त्यामुळे संग्रह पूर्ण करावयाचा तर दुसऱ्या खेळाडूशी देवाणघेवाण करणे भागच होते. ‘दुसरा’ हा या रचनेचा पायाच आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

कथेचा साचा ठरलेला आहे. एका लहान गावातील मुलगा किंवा मुलगी प्राध्यापकांकडून पहिला प्राणी घेते, आठ केंद्रप्रमुखांना हरवून आठ पदके मिळविते व शेवटी सर्वश्रेष्ठ खेळाडूचे पद जिंकते. या प्रवासात समान ध्येय असलेला प्रतिस्पर्धी वारंवार भेटतो आणि प्राण्यांचा गैरवापर करणारी एखादी टोळी आडवी येते.

पहिला प्राणी निवडताना गवत, अग्नी व जल असे तीन पर्याय असतात. अग्नी गवतावर, गवत जलावर व जल अग्नीवर मात करते. प्रतिस्पर्ध्याने यांतील कोणता प्राणी उचलावा, या लहानशा निर्णयात निर्मात्यांची प्रतिस्पर्ध्याविषयीची भूमिका उमटलेली दिसते. पुढील भागात याचे प्रत्यंतर येईल.

४. प्रतिस्पर्ध्याची वाटचाल

पहिल्या खेळातील प्रतिस्पर्धी हा प्राध्यापक ओक यांचा नातू, शेजारी राहणारा व नायकाचा समवयस्क आहे. मूळ जपानी खेळात नायकासाठी सुचविलेल्या नावांत ‘सातोशी’ व प्रतिस्पर्ध्यासाठी सुचविलेल्या नावांत ‘शिगेरू’ हे नाव होते. पहिले स्वतः ताजिरी यांचे, तर दुसरे त्यांना गुरुस्थानी असलेल्या शिगेरू मियामोतो यांचे. म्हणजे ज्याला हरवावयाचे त्यास निर्मात्याने गुरूचे नाव दिले. प्रतिस्पर्धी हा शत्रू नव्हे, याची यापेक्षा वेगळी खूण ती कोणती?

हा मुलगा उर्मट आहे. नायकाने निवडलेल्या प्राण्यावर मात करणारा प्राणी तो मुद्दाम उचलतो व नायकाच्या आधी सर्वश्रेष्ठ पदापर्यंत पोहोचतो. नायक त्याला हरवितो तेव्हा आजोबा येतात. आपल्या प्राण्यांशी प्रेमाने व विश्वासाने वागावयाचे तू विसरलास, म्हणून हरलास, असे ते नातवास बजावतात आणि नायकाचे कौतुक करतात. या प्रसंगी नातवाचे सांत्वन कोणी करीत नाही. मालिकेच्या आरंभी मूल्य स्पष्ट आहे; परंतु ते पराभूताला ऐकविण्याची रीत कठोर आहे.

‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ (१९९९) या खेळांतील लाल केसांचा प्रतिस्पर्धी प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतून प्राणी चोरतो. दुबळ्यांना जगात स्थान नाही, अशी त्याची धारणा आहे. पुढे पराभवामागून पराभव पदरी पडल्यावर तो स्वतःच्या वागण्याचा विचार करू लागतो. हा बदल भाषणातून नव्हे, तर खेळाच्या नियमातून दाखविला आहे. याच खेळांपासून प्रत्येक प्राण्याच्या स्नेहाची ० ते २५५ अशी अदृश्य गणना होऊ लागली. काही प्राण्यांचे रूपांतर हा स्नेह वाढल्याशिवाय होतच नाही. गोल्बॅट या वटवाघळाचे क्रोबॅटमध्ये होणारे रूपांतर त्यांपैकीच आहे. शेवटच्या लढतींत या मुलाजवळ क्रोबॅट दिसतो. त्याने तोंडाने कबुली देण्याआधीच त्याच्या प्राण्याने साक्ष दिलेली असते.

‘रुबी’ व ‘सफायर’ (२००२) पासून प्रतिस्पर्ध्याचा सूर मवाळ होत गेला. त्यात वॅली हा प्रकृतीने नाजूक मुलगा नायकाच्या मदतीने पहिला प्राणी पकडतो आणि शेवटी तुल्यबळ होऊन समोर उभा राहतो. ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’ (२०१०) मध्ये दोन प्रतिस्पर्धी आहेत. चेरेन मात करणारा, तर बियांका मात होणारा प्राणी घेते. बियांकाला आपण लढतीत फारशा निपुण नाही हे उमगते. ती स्पर्धेतून बाजूला होते व प्राध्यापकांची साहाय्यक बनते. चेरेन २०१२ च्या उत्तरभागात केंद्रप्रमुख झालेला दिसतो. ‘सन’ व ‘मून’ (२०१६) मधील हाउ, ‘स्वॉर्ड’ व ‘शील्ड’ (२०१९) मधील हॉप आणि ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ (२०२२) मधील नेमोना हे तिघेही नायकापुढे दुर्बल ठरणारा प्राणी स्वतःकडे घेतात. नेमोना तर आधीच सर्वश्रेष्ठ श्रेणीत आहे; आपल्या तोडीचे कोणी मिळावे म्हणून ती नवागताला घडविते.

डिवचणारा, सुधारणारा, सोबती व अखेर घडविणारा असा हा प्रवास आहे. हरलेल्यास सन्मानाचे दुसरे स्थान असू शकते, ही जाणीव त्यात क्रमाने वाढत गेली आहे. हॉपही अखेरीस थोरल्या भावाच्या सावलीतून बाहेर पडतो व संशोधनाकडे वळतो.

५. खलनायकाची वाटचाल

पहिला खलनायक जिओव्हानी हा टीम रॉकेटचा म्होरक्या आहे. प्राणी चोरणे, विकणे, कंपनी ताब्यात घेणे असे त्याचे उद्योग आहेत. त्याचे हेतू निव्वळ धनाचे व सत्तेचे असल्याने धनंजयाची व्याख्या त्यास जवळजवळ तंतोतंत लागू पडते. तथापि एक बाब निराळी आहे. नायकाला ज्या आठ केंद्रप्रमुखांना हरवावयाचे असते, त्यांतील आठवा हा जिओव्हानीच असतो. प्रतिष्ठित संस्थेचा प्रमुख आणि टोळीचा म्होरक्या एकच निघावा, ही कल्पना पहिल्या खेळापासूनच आहे.

पुढे खलनायकांचे हेतू वैचारिक होत गेले. २००२ मधील मॅग्मा व ॲक्वा या दोन टोळ्यांपैकी एकीला भूमी वाढवावयाची आहे, तर दुसरीला सागर. दोघींनाही आपण जगाचे भले करतो असे वाटते. जागविलेली शक्ती आटोक्यात राहात नाही, तेव्हा दोघींचे म्होरके खजील होतात. ‘डायमंड’ व ‘पर्ल’ (२००६) मधील सायरसला भावनांमुळे जग अपूर्ण वाटते, म्हणून त्याला भावनारहित विश्व निर्मावयाचे आहे. ‘एक्स’ व ‘वाय’ (२०१३) मधील लायसँडर हा समाजात मान असलेला गृहस्थ माणसांच्या हावरेपणास विटून, निवडक लोक वगळता इतरांचा संहार करावयास निघतो. २०१६ मधील लुसामीन ही प्राणीसंरक्षण करणाऱ्या संस्थेची अध्यक्षा आहे. २०१९ मधील अध्यक्ष रोझ यांना हजार वर्षांनंतरच्या ऊर्जाटंचाईची चिंता आहे आणि त्यासाठी ते आजच संकट ओढवून घेतात.

या यादीत एक सूत्र दिसते. बहुतेकांचे ध्येय उदात्त भाषेत मांडलेले आहे आणि बहुतेकांपाशी संस्था, पैसा व अनुयायी आहेत. प्रतिस्पर्धी एकटा असतो, खलनायकापाशी मात्र गणवेषधारी टोळी असते. प्रतिस्पर्धी स्वतः लढतो, खलनायक इतरांना लढावयास लावतो. भवभूतीचा माल्यवान येथे पुन्हा आठवावा.

६. प्रतिस्पर्धी व खलनायक जिथे एकत्र येतात

या मालिकेतील सर्वांत चिंतनीय पात्रे या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहेत.

(अ) एन : २०१० च्या खेळातील या युवकास प्राण्यांचे मन कळते. प्राण्यांना पकडून लढविणे अन्याय्य आहे, त्यांना मुक्त करावे, ही त्याची मागणी आहे. तो टीम प्लाझ्माचा राजा आहे. पण हे राजेपण गेत्सिसने रचलेले आहे. माणसांनी दुखावलेल्या प्राण्यांतच त्यास वाढवून गेत्सिसने त्याच्या मनात एकच बाजू रुजविली. सर्वांनी प्राणी सोडावेत आणि ते केवळ आपल्याकडे राहावेत, हा त्याचा खरा डाव. एन हरल्यावर गेत्सिस त्याची निर्भर्त्सना करतो. एन मात्र आपली श्रद्धा तपासून पाहतो आणि निघून जातो. परशुराम आणि माल्यवान यांच्यातील भेद येथे स्पष्ट दिसतो.

(आ) जिओव्हानी व लुसामीन यांची मुले : १९९९ मधील लाल केसांचा मुलगा जिओव्हानीचा पुत्र असल्याचे २००९ च्या नव्या आवृत्तीतील एका विशेष प्रसंगात उलगडते. बाप हरून निघून जातो. एकट्याने बलवान होईन, असे मुलगा ठरवितो. त्याचा कठोरपणा हे या त्यागाचे फळ होते. लुसामीनचा मुलगा ग्लॅडियन घर सोडून पळतो आणि प्रयोगासाठी बनविलेल्या ‘टाइप नल’ नावाच्या प्राण्यास सोबत नेतो. या प्राण्याचेही रूपांतर स्नेहानेच होते. आईने साधन मानलेल्या प्राण्याला मुलगा सोबती मानतो.

(इ) बीड : २०१९ मधील हा अनाथ मुलगा अध्यक्ष रोझ यांची मर्जी राखण्यासाठी एका प्राचीन भित्तिचित्राची नासधूस करतो. रोझ त्यास स्पर्धेतून काढून टाकतात. ओपल ही वृद्ध केंद्रप्रमुख त्याला हाताशी धरते व आपला वारस बनविते. ज्या मुलास एका वडीलधाऱ्याने टाकले, त्यास दुसरीने उभे केले.

(ई) टीम स्टार : २०२२ च्या खेळात प्रथमच शाळा कथेच्या केंद्रस्थानी आली. टीम स्टार ही वर्गात न येणाऱ्या उनाड विद्यार्थ्यांची टोळी आहे, असे प्रारंभी सांगितले जाते. कथा उलगडते तेव्हा कळते की ही मुले छळाला बळी पडलेली होती आणि छळणाऱ्यांसमोर उभे राहण्यासाठीच एकत्र आली होती. नंतर रुजू झालेले संचालक क्लॅव्हेल यांच्यापाशी त्या घटनेची धड नोंदही नसते. सत्य शोधण्यासाठी ते विद्यार्थ्याचा वेष घेऊन हिंडतात आणि अखेरीस संस्थेच्या वतीने क्षमा मागतात. खलनायक म्हणून ज्यांचा पाठलाग केला त्यांच्यासमोर संस्थाप्रमुखाने मान लवविणे, ही या मालिकेतील अपूर्व घटना आहे.

(उ) कीरन : २०२३ मध्ये आलेल्या दोन पुरवणी भागांतील कीरन हा लाजाळू मुलगा नायकाचा चाहता आहे. त्याला बालपणापासून ज्या ओगरपॉन नावाच्या दंतकथेतील प्राण्याची ओढ आहे, त्याविषयीचे सत्य नायक व कीरनची बहीण त्याच्यापासून लपवितात. शेवटी तो प्राणी नायकाचीच निवड करतो. दुसऱ्या भागात कीरन आपल्या शाळेतील अव्वल खेळाडू झालेला आहे. तो झोप टाकून सराव करतो, सोबत्यांना कमी लेखतो, आणि त्याची धास्ती सर्वांना वाटते. त्याच्यापाशी टोळी नाही, कारस्थान नाही. केवळ एक अपमान आहे. अखेरच्या पराभवानंतर तो भानावर येतो व क्षमा मागतो. प्रतिस्पर्ध्याचा खलनायक कसा होऊ शकतो, याचे इतके नेमके चित्रण मालिकेत दुसरे नाही. त्याच्या ऱ्हासाचे मूळ ज्या लपवाछपवीत आहे तीत नायकाचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

७. चित्रणाची मर्यादा

या मालिकेच्या नैतिक विचारास एक मोठी मर्यादा आहे. खेळाडू हरला तर जुन्या खेळांत त्याचे निम्मे पैसे जातात, तो उपचारकेंद्रात परततो आणि पुन्हा प्रयत्न करतो. कथा मात्र त्याच्या विजयाखेरीज पुढे सरकत नाही. पराभव पचविण्याचा धडा प्रत्येक वेळी दुसऱ्यालाच मिळतो. बियांकाने स्पर्धेतून बाजूला होण्यात जे धैर्य आहे, ते खेळाडूला स्वतः अनुभवता येत नाही.

दुसरी मर्यादा एनच्या प्रश्नाची. प्राण्यांना पकडणे न्याय्य आहे काय, या प्रश्नास खेळ युक्तिवादाने उत्तर देत नाही. तो एनला लढतीत हरवितो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे लबाड सूत्रधार होता, एवढ्याने प्रश्न खोटा ठरत नाही. प्राणी पकडण्यावरच ज्याचा व्यवसाय उभा आहे त्या खेळाने हा प्रश्न विचारला हे धाडस खरे. तथापि उत्तर अपुरे राहिले, असे म्हणणे भाग आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्रतिस्पर्धी व खलनायक यांच्यातील भेद महत्त्वाकांक्षेच्या प्रमाणात नाही. नेमोनाची जिद्द कोणत्याही खलनायकाहून कमी नाही. सोबत्यास साधन मानणे आणि पराभवातून काहीही न शिकणे, ही खलत्वाची दोन लक्षणे होत.

२) खलनायकाचे हेतू लोभाकडून विचारधारेकडे, तर प्रतिस्पर्ध्याचे वर्तन वैराकडून सख्याकडे सरकले आहे.

३) दोषाची जागा बदलली आहे. १९९६ मध्ये हरलेल्या नातवास आजोबांनी उपदेश केला. २०२२ मध्ये दुखावलेल्या विद्यार्थ्यांची संचालकांनी क्षमा मागितली. सव्वीस वर्षांत मालिकेने मुलाच्या वर्तनाचा जाब मुलाबरोबरच वडीलधाऱ्यांनाही विचारावयास प्रारंभ केला.

हा तिसरा निष्कर्ष आपणा अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. नागपूरसारख्या शहरात प्रवेशपरीक्षांचे शिकवणी वर्ग, गुणवत्तायाद्यांचे फलक आणि स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका यांच्या छायेत विद्यार्थी वाढतो. शेजारच्या बाकावरील मित्र हा प्रतिस्पर्धी आहे, हे त्याला आपणच सांगतो. प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू नव्हे, हे सांगावयाचे मात्र अनेकदा राहून जाते. हरलेल्यास बियांकासारखी दुसरी वाट दाखविणे, टाकलेल्या बीडला ओपलप्रमाणे हाताशी धरणे आणि गैरहजर विद्यार्थ्यावर शिक्का मारण्यापूर्वी क्लॅव्हेलप्रमाणे चौकशी करणे, ही कामे खेळातील पात्रांची असली तरी ती आपल्याही कर्तव्यकक्षेत येतात. झोप टाकून अभ्यास करणारा, मित्रांपासून तुटलेला आणि पहिल्या क्रमांकावर असलेला विद्यार्थी आपल्याला आदर्श वाटतो. तो कदाचित कीरन असेल, एवढे भान हजेरी घेताना राहिले तरी या विवेचनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.